नत्थुजी, मोतीराम आणि मी, गवतगाडी

शेडच्या दाराशी थांबून डोकावताय, तर या ना आत. ती फावडी जरा बाजूला सरकवा आणि माझ्याकडे बघा. लाल रंग, पुढे दोन लहान चाकं, मागे दोन मोठी, मधोमध एक काळी खुर्ची आणि पोटाखाली पत्र्याच्या झाकणात फिरणारी पाती. लहान मुलं मला ट्रॅक्टरचं पिल्लू म्हणतात. मी गवत कापायची गाडी. बोलतेय ती मीच.

जन्म कुठला, हे मला नीट सांगता यायचं नाही. कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात मला जोडली आणि लाकडी खोक्यात घालून जहाजावर चढवली. शुद्धीवर आले ती अकोल्यात. तिथे मला पहिल्यांदा पेट्रोल पाजलं, कोणीतरी किल्ली फिरवली, आणि मी खोकत खोकत सुरू झाले. आजूबाजूला उभी असलेली माणसं टाळ्या वाजवत होती. तेवढ्या टाळ्या पुढे माझ्या वाट्याला कधी आल्या नाहीत.

माझ्या पहिल्या मालकाचं बायपासवर एक लग्नाचं लॉन होतं. आपल्याकडे लग्न लॉनवरच लागतं, पण त्या लॉनवरचं गवत कोण कापतं, याचा विचार वरपक्षही करत नाही आणि वधूपक्षही नाही. लग्न लागून वऱ्हाड गेलं की दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायची. गवतात काय काय सापडायचं! अक्षता, साडीच्या पिना, आइस्क्रीमचे चमचे, सुपाचे ग्लास, एकदा तर नवरदेवाचा एक मोजा. माणसं लग्नात जेवढं खातात त्याहून जास्त सांडतात, हे मला तिथे कळलं. माझ्यावर आज एक बसायचा, उद्या दुसरा. कोणाचं नाव लक्षात राहावं इतकं कोणी टिकलं नाही.

मग एका उन्हाळ्यात मालकाने हात टेकले. अकोल्याच्या त्या उन्हात गवत जगवायला किती टँकर पाणी घालणार? त्याने सगळीकडे प्लास्टिकचं गवत अंथरून टाकलं. ते वाळत नाही, वाढत नाही, कापावंही लागत नाही. मला जनरेटरच्या शेजारी कोपऱ्यात ढकललं. एक मांजर माझ्या खुर्चीवर व्यायली, तिची पिल्लं मोठी होऊन निघून गेली, तरी मी तिथेच. अखेर एक दिवस मला टेम्पोत चढवली, दोऱ्यांनी करकचून बांधली आणि मूर्तिजापूर मागे टाकत अमरावतीला आणली.

अमरावतीत मला घेतलं एका कॉलेजने. कॉलेज गावाच्या बाहेर, मैदान एवढं मोठं की या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस बोटाएवढा दिसावा. कडेने कडुनिंबाची रांग. टेम्पोतून उतरल्या उतरल्या दोन माणसं मला बघायला आली. एक उंच, काटकुळा, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. ते नत्थुजी. दुसरा बुटका, गोल चेहऱ्याचा, सतत काहीतरी चघळणारा. तो मोतीराम. दोघंही कॉलेजचे माळी.

नत्थुजींनी माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "हे तं मोटर लावलेली खुर्चीच झाली ना बे."

"बसून तं पाह्या एकदा," मोतीराम म्हणाला.

"मी नाई बसत. लूनावरून पडलो तवाच कान धरला. जे आपल्या पायानं चालत नाई, त्यावर आपुन बसत नाई."

मोतीरामने आधी बरीच वर्षं ऑटो चालवला होता. म्हणून कॉलेजच्या आवाराची देखभाल बघणाऱ्या ललित साहेबांनी किल्ली त्याच्या हातात दिली. तेव्हापासून ठरूनच गेलं. नत्थुजी पुढे चालायचे, गवतातले दगड, काड्या, पोरांनी फेकलेल्या बाटल्या उचलायचे. मोतीराम माझ्यावर बसून मागून यायचा. पट्टा कापून झाला की नत्थुजी पंजाने गवत ओढून ढीग करायचे.

त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी कधी ऐकलं नाही. नत्थुजी भातकुलीकडचे. घरचं काळ्या मातीचं वावर भावाकडे, आणि स्वतः इथे नोकरीला. मोतीराम बडनेऱ्याचा, त्याची बायको पंचफुलाबाई अंगणवाडीत. दुपारी निंबाखाली डबे उघडले की भांडण सुरू. मोतीरामच्या डब्यातला ठेचा नत्थुजींना तिखट लागायचा, तरी रोज हात पहिला त्यांचाच त्यात पडायचा.

"तुह्या घरी मिरच्या फुकट भेटतात काय रे? जीभ जळून गेली."

"मंग कायले खाता?"

"टाकून देशीन म्हून खातो."

चौदा एप्रिलला मोतीराम नत्थुजींच्या घरी लाडू पोचवायचा. पोळ्याला नत्थुजी सुट्टी असूनही कॉलेजात यायचे. घरचे बैल विकून बरीच वर्षं झाली होती, वावरात भाड्याचा ट्रॅक्टर फिरत होता. पण हाताला सवय. पहिल्याच पोळ्याला त्यांनी मला धुतली, बॉनेटला गेरू फासला, दिव्यांच्या मधोमध झेंडूची माळ घातली आणि पुरणपोळीचा तुकडा माझ्या खुर्चीवर ठेवला.

मोतीराम हसून हसून वाकला. "नत्थुजी, हिले शिंगं तं नाईतच!"

"मंग तुह्या डोक्शाले बांधू काय? वर्षभर राबते थे. गप उभा राह्य."

इतक्या वर्षांत माझ्या पाया कोणी पडलं नव्हतं. मी लोखंडाची आहे, पण त्या दिवशी मला उगाच जड जड झालं.

आता जे सांगायचं आहे, ते सांगायला नको वाटतं. पण सांगायलाच हवं.

माझ्यात एक सवय जन्मापासून घातलेली. पाती फिरती ठेवून कोणी मला मागे घेतलं, की मी तिथल्या तिथे इंजिन बंद करायची. कारण साधं आहे. पुढे बघत असलेल्या माणसाला मागचं दिसत नाही. पण कामाच्या घाईत या सवयीचा सगळ्यांना वैताग यायचा. निंबाच्या रांगेत तर दर झाडाला पुढे-मागे करावं लागे, आणि दर वेळी मी बंद. मोतीराम पातं थांबवायचा, मागे घ्यायचा, पुन्हा सुरू करायचा.

क्रीडा महोत्सव जवळ आला होता. माझ्या इंजिनचा पट्टा बदलायला अकोल्याहून मेकॅनिक आला, तेव्हा ललित साहेब त्याला म्हणाले, "हे सारखं बंद पडायचं काहीतरी करून टाक यार. अर्धा दिवस यातच जातो."

मेकॅनिकने बॉनेट उघडलं, दोन तारा सोलल्या आणि एकमेकींना जोडून टाकल्या.

मोतीराम चाचरत म्हणाला, "साहेब, कंपनीनं काही इचार करूनच केलं असन."

"अरे, महोत्सव होऊ दे. नंतर होतं तसं करून घेऊ."

नत्थुजींनीही मान डोलावली. "बरं झालं. नखरा गेला हिचा."

महोत्सव झाला. झेंडे उतरले, मांडव गेला. तारा तशाच राहिल्या. ललित साहेबांच्या मागे सतरा कामं, मोतीरामला ती सोय अंगवळणी पडलेली, आणि मला तर विचारणारं कोणी नव्हतंच. मी मागे जायची आणि माझी पाती फिरतच राहायची. तारा जोडल्या तेव्हा तिघंही तिथे उभे होते आणि तिघंही चांगली माणसं होती, हे मला अजून खुपतं.

पावसाळ्याचे दिवस. रात्री पडून गेलेला, सकाळी उघडीप. गवत गुडघ्याला लागत होतं आणि ओलं होतं. नत्थुजींच्या पायात नेहमीची रबरी चप्पल. कॉलेजने दोघांनाही जाड बूट दिले होते, पण नत्थुजींनी ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घरी फळीवर ठेवलेले. एवढे चांगले बूट चिखलात कोण घालतं, असं त्यांचं म्हणणं. माझ्या आवाजाने कान दुखतात म्हणून दुपट्टा कानांवर घट्ट गुंडाळलेला.

दोन निंबांच्या मध्ये आम्ही होतो. एक प्लास्टिकचा कागद मागच्या बाजूला गवतात अडकलेला नत्थुजींना दिसला, आणि पुढे चालणारा माणूस वळसा घालून माझ्या मागे आला. मोतीरामला ते पुढेच आहेत असं वाटत होतं. त्याने मला मागे घेतलं. नत्थुजी वाकले, ओल्या गवतावरून त्यांची चप्पल घसरली, आणि डावा पाय माझ्या झाकणाखाली आला.

माझा आवाज बदलला. तो मोतीरामने ओळखला. किल्ली बंद करून त्याने उडी मारली. मी काही हलकी नाही, एरवी मला सरकवायला चार जण लागतात. मोतीरामने माझी मागची बाजू एकट्याने उचलली. कशी, ते त्यालाही सांगता येत नाही. मग त्याने नत्थुजींच्याच डोक्याचा दुपट्टा सोडला, पायाला आवळून बांधला आणि ओरडत सुटला. ओरडण्यात शब्द नव्हते.

नत्थुजी शांत होते. फार शांत. ते म्हणाले, "मोतीराम, माही चप्पल पाह्य रे कुठी गेली."

"नत्थुजी, चप्पल राहू द्या ना! माह्याकडे पाह्या, माह्याकडे पाह्या."

कॉलेजची बस मैदानात आली. चिखलात तिची चाकं फिरली त्याचे खड्डे पुढे किती दिवस तसेच होते. त्यांना घेऊन ती गेली. मी दोन निंबांच्या मध्ये उभी राहिले. संध्याकाळी कोणी तरी मला धुतलं, शेडमध्ये ढकललं आणि वरून ताडपत्री टाकली.

डाव्या पायाची बोटं आणि पंजाचा पुढचा भाग गेला, हे मला शेडमध्ये अवजारं ठेवायला येणाऱ्या लोकांच्या बोलण्यातून कळलं. जीव वाचला, टाच वाचली. मोतीराम माझ्याकडे बघत नव्हता. तो यायचा, खराटा घ्यायचा आणि जायचा.

काही दिवसांनी ललित साहेब त्याला घेऊन शेडमध्ये आले. दार लोटून घेतलं.

"उद्या प्राचार्य मॅडम विचारायला येतील. सांग, नत्थुजी अचानक मागून आले, पाय घसरला. तारेबद्दल काही बोलायची गरज नाही. तुझीही नोकरी आहे, माझीही आहे."

"आन् नत्थुजीची?"

"त्यांचं बघू ना आपण. मी काय वाईट आहे का?"

 साहेब गेल्यावर मोतीराम ताडपत्रीला टेकून खाली बसला.  मला तेव्हा त्याच्याशी बोलता आलं असतं तर काय बोलले असते, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य माधवी मॅडम आल्या. सोबत ललित साहेब आणि ऑफिसातले दोघं. मॅडमनी विचारलं, "मोतीराम, काय झालं ते सांगा."

मोतीराम पुढे आला, ताडपत्री बाजूला केली आणि माझं बॉनेट उघडलं. त्याचं बोट बरोबर तारेवर गेलं.

"मॅडम, मागं घेतली का हे गाडी बंद पडाले पायजे. हे तार जोडली म्हून नाई पडली. जोडली तवा मी इथंच होतो. मी चुपच राह्यलो. आन् त्या दिवशी मी मागं पाह्यलं नाई. हेबी खरं हाय. नत्थुजीची काही चूक नाई."

"तार कोणी जोडायला सांगितली?"

मोतीराम बॉनेट लावायला वळला. 

मग ललित साहेबांनी घसा साफ केला. "मी सांगितली, मॅडम. महोत्सवाची घाई होती. नंतर काढायची राहिली." थोडं थांबून म्हणाले, "काल मी याला गप्प राहायला सांगितलं होतं. तेही मीच."

एवढं बोलून ते घामाघूम झाले. मला त्यांचा राग होता, तो तिथेच अर्धा उतरला. मॅडम त्यांना बरंच बोलल्या, सगळ्यांसमोर बोलल्या. पण उपचार कॉलेजने करायचे, नत्थुजी बरे झाले की त्यांना जमेल ते काम द्यायचं, आणि माझी तार त्याच दिवशी काढायची, हेही तिथेच ठरलं. मेकॅनिक आला आणि माझी जुनी सवय मला परत मिळाली. मोतीरामला मात्र त्या दिवसापासून माझ्यावर बसायला सांगून बघा. "खराटा द्या, खुरपं द्या, नाल्या साफ कराले लावा. त्या खुर्चीवर मी बसत नाई," एवढंच म्हणायचा.

एके दुपारी शेडच्या दारात नत्थुजींची बायको आशाबाई येऊन उभी राहिली. पदर खोचलेला, हातात संत्र्यांची पिशवी.

"मोतीरामभाऊ, हे काय आहे?"

मोतीराम गडबडला. "संत्री हायेत, वयनी."

"थे मलेबी दिसते. दवाखान्याच्या गेटावरच्या चौकीदाराजवळ रोज पिशवी देता आन् पळून जाता. वर काहून नाई येत?"

"कोणत्या तोंडानं येऊ?"

"आहे त्याच तोंडानं या. दुसरं कुठून आणता?" आशाबाईने पिशवी माझ्या बॉनेटवर ठेवली. "थे तिथं पडल्या पडल्या मले सतावून राह्यले. भाजी अळणी, उशी कडक, नर्सबाई हळू चालते. दिवसभर कटकट. मी म्हटलं, तुमाले पाहिजे तरी काय? तं म्हणते, मोतीराम मेला काय? भांडाले कोणी नाई त्याईले. मी एकटी किती पुरू?"

मोतीरामने तोंड फिरवलं आणि भिंतीवरच्या खिळ्याला लटकवलेली दोरी उगाच सोडवत बसला. आशाबाई म्हणाली, "मले राग आला होता तुमचा. नाई असं नाई. पण थे माणूस तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलं हाय. चला."

"आता?"

"मंग काय मुहूर्त काढता?"

तो गेला. तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मोतीराम आला तेव्हा चघळत होता. कितीतरी दिवसांनी चघळत होता.

हिवाळा लागला तेव्हा नत्थुजी कामावर परत आले. पायात खास बनवलेला बूट, हातात काठी. त्यांना गेटजवळ खुर्ची दिली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायच्या, बस्स. काही दिवस त्यांनी ते केलं. मग एका सकाळी काठीचा आवाज माझ्याकडे येताना ऐकू आला. मला धडकी भरली. हा माणूस आता माझ्याकडे बघेल, आणि मला कुठे तोंड लपवता येणार नाही.

ताडपत्री सरकली. नत्थुजी माझ्याकडे बघत उभे राहिले. मागे मोतीराम.

"हिले काहून झाकून ठेवलं? मेली थोडीच हाय."

"नत्थुजी, चला ना इथून."

"तिकडे गेटावर मी मातीचा गणपती होऊन बसलो. मैदानात गवत पाह्य कसं माजलं. खुर्चीवरच बसाचं हाय तं मी हिच्या खुर्चीवर बसतो."

मोतीराम ओरडलाच. "डोक्शं फिरलं काय तुमचं? जिनं पाय नेला तिच्यावर बसता?"

"तिनं नेला म्हूनच. आता तिनंच फिरवावं मले."

दोघांचं असं भांडण जुंपलं की ललित साहेब धावत आले. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं. गाडीचं पेडल उजव्या पायाशी असतं, हे त्यांनी स्वतः वाकून बघितलं. मॅडमना विचारलं, डॉक्टरांना विचारलं. बूट घालूनच बसायचं, कापताना आसपास कोणीही थांबायचं नाही, असं बजावलं. मग किल्ली आणून नत्थुजींच्या हातात ठेवली. "सावकाश शिका. कसलीही घाई नाही," ते म्हणाले, आणि दोनदा म्हणाले.

शिकवणार कोण? मोतीरामच. तो लांब, पार क्रिकेटच्या खेळपट्टीजवळ उभा राहून शिकवायचा. गळ्यात शिट्टी. "हळू! हळू घ्या! अजून हळू!"

"याच्याहून हळू तं मी चालतच येतो ना बे!"

असं ते ओरडत होते खरं, पण त्यांचे तळहात माझ्या स्टीअरिंगवर घामाने घसरत होते, हे फक्त मला ठाऊक. पाती सुरू केली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. तो आवाज त्यांनी शेवटचा ऐकला होता तो गवतात पडून. मी जितकं हळुवार फिरता येईल तितकं फिरले. एक पट्टा झाला. दुसरा झाला. मग नत्थुजींनी मला थांबवलं आणि मान पार मागे वळवून बघितलं. मागे कोणी नव्हतं. नुसतं गवत. त्यांनी पाय मागे घ्यायच्या पेडलवर ठेवला आणि दाबला.

मी बंद पडले.

मैदानावर एकदम शांत झालं. नत्थुजींनी श्वास सोडला. मला पुन्हा सुरू केलं, पुन्हा मागे घेतलं. मी पुन्हा बंद. पुन्हा सुरू, पुन्हा मागे, पुन्हा बंद. ते करतच राहिले. मोतीराम लांबून बघत होता. शिट्टी तोंडात होती, वाजत नव्हती.

"थांबते रे," नत्थुजी शेवटी ओरडले. त्यांचा चेहरा ओला झाला होता. "मोतीराम, थांबते हे! पाह्यलं काय? थांबते!"

मोतीराम तिथल्या तिथे गवतात बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून लहान पोरासारखा रडला.

तेव्हापासून माझे दिवस पुन्हा चांगले चाललेत. मोतीराम आधी सगळं मैदान फिरून दगड-काड्या वेचतो, मग बाजूला होऊन शिट्टी वाजवतो, मग नत्थुजी मला सुरू करतात. बाकी भांडणं जिथल्या तिथे. नत्थुजींचे पट्टे वाकडे जातात असं मोतीराम म्हणतो. मोतीरामची शिट्टी ऐकून पोरं वर्गातून बाहेर येतात असं नत्थुजी म्हणतात. थंडीत तो पाय ठणकतो. तेव्हा ते मला निंबाच्या सावलीबाहेर उन्हात उभी करतात, बूट काढून पाय माझ्या कोमट बॉनेटवर ठेवतात आणि दोघं चहा पितात. त्या पायाचं ओझं मी कधी खाली पडू देत नाही.

पण आता नत्थुजींच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरलेत. आणि कालपर्यंत मोतीराम पुन्हा माझ्यावर बसला नव्हता. यावरून दोघांत रोज कुरबूर.

आज सकाळी नत्थुजी मला मैदानाच्या मधोमध घेऊन गेले, किल्ली बंद केली आणि खाली उतरले. मोतीरामला हाक मारली. "ये इकडे. बस."

"नाई, नत्थुजी."

"मी गेल्यावर हिच्यावर कोण बसन? कोणी नवा येईन, त्याले काय मालूम काय झालं होतं? तुले मालूम हाय. म्हून तूच पाहिजे."

"माह्यानं नाई होत. मागं कोणी हाय असंच वाटते. सारखं वाटते."

नत्थुजींनी विचार केला. मग काठी टेकत टेकत ते चालू लागले. सरळ समोर. चालत चालत मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले आणि माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. मैदान एवढं मोठं, पण आवाज खणखणीत आला. "मी इथं हावो! मागं नाई! दिसून राह्यलो ना?"

"हाव," मोतीराम पुटपुटला.

"मंग पातं बंद ठेव आन् माह्याकडे पाह्यत ये!"

मोतीराम माझ्याजवळ आला. मागे बघितलं. वाकून खाली बघितलं. पुन्हा मागे बघितलं. मग तो बसला. इतक्या दिवसांनी त्याचं ते ओळखीचं वजन खुर्चीवर आलं, आणि मी खोकलेही नाही, पहिल्याच किल्लीला सुरू झाले. तो समोरच्या त्या उंच, काटकुळ्या माणसावरून नजर न हलवता, पावलापावलाने मला नेत राहिला. नत्थुजी हलले नाहीत. काठीही हलली नाही. बरंच अंतर राखून मोतीरामने मला थांबवलं.

"एवढ्या दूर काहून थांबला?"

"इतकंच बरं हाय."

"बरं," नत्थुजी म्हणाले. "उद्या अजून थोडं जवळ ये."

तर अशी मी. पट्टा झिजलाय, खुर्चीला दोन ठिकाणी ठिगळं आहेत, आणि पुढल्या वर्षी बॅटरीवर चालणारी नवी मशीन येणार असं ऑफिसात बोलतात. येऊ दे बापडी. माझं मागणं माझ्यासाठी नाहीच. तुमच्या गावात, तुमच्या कॉलेजात, तुमच्या लॉनवर माझ्या जातीची जी कोणी असेल, तिच्या सवयी तिला ठेवू द्या. ती मध्येच बंद पडली तर चिडू नका. आणि किल्ली फिरवण्याआधी एकदा मान वळवून बघा.

जाते मी. मोतीरामची शिट्टी झाली, आणि निंबाखालचं गवत अजून कापायचं आहे.